ठिपका नाही, म्हणजे आजार नाही?

२०२१च्या जून-जुलैत साताऱ्या-सांगलीत करोना हटायचं नाव घेत नव्हता. आम्ही तेव्हा ब्राउझरमध्ये ‘नेक्स्टस्ट्रेन’ उघडून बसायचो. त्याचा कोड खुला आहे. कुणीही वाचावा, वापरावा. विषाणूच्या जनुकक्रमांतले बदल ताडून ते वंशवृक्ष काढतं. टोकाचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक नमुना, फांद्या म्हणजे त्यांचं नातं.

पण ज्या गावचा नमुना जनुकक्रम वाचायला गेलाच नाही, त्याचा ठिपका येणार कुठून? भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’ प्रमाण मानतात, पण अट घालतात: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. इथे ती नव्हती. कोड खुला असला तरी ही उणीव कोडात दिसत नाही. म्हणून चित्र पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा, नमुने आले कुठून?