असईच्या सेनापतीचं आजोळ

जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली आपल्या लेखी सरसकट ‘इंग्रज’. प्रत्यक्षात तो १७६९ साली आयर्लंडमधल्या जमीनदार घरात जन्मला. आडनावही उसनं. आजोबा मूळचे कॉली. नात्यातली इस्टेट मिळाली म्हणून १७२८ मध्ये ते वेस्ली झाले, आणि त्याचं ‘वेलस्ली’ आर्थरच्या पिढीनं केलं. आडनावाचं बोट धरून अशा घराचं मूळ शोधायला निघालेला माणूस हमखास रस्ता चुकतो. आर्थरच्या बाबतीत आईकडून गेलं, तर वाट थेट वेल्सला पोचते.

आई अ‍ॅन, अल्स्टरच्या आर्थर हिल यांची मुलगी. या हिल यांची आई ट्रेव्हर घराण्यातली, माहेर वेल्सच्या सरहद्दीवर चर्कजवळचं ब्रिनकिनाल्ट. म्हणजे वेलस्लीच्या आजोळचं आजोळ. वेल्श भाषेत ‘त्रेव’ म्हणजे वस्ती आणि ‘मौर’ म्हणजे मोठी. त्यातून झालं ट्रेव्हर. आपल्याकडे हेच लोक ‘मोठेगावकर’ झाले असते. लँगोलेनजवळ त्या नावाचं गाव आहे.

आपला मूळपुरुष दहाव्या शतकातला तुदुर ट्रेव्हर, असं हे घराणं सांगे. पण त्याची वंशावळ उतरवून काढणारे कित्येक शतकांनंतरचे. त्यामुळे वरच्या पिढ्यांवर फार भार टाकू नये. मात्र वेल्समध्ये वंशावळ पाठ असणं ही नुसती मिरवण्याची बाब नव्हती. जुन्या कायद्यानं जमिनीची वाटणी भावाभावांत होई आणि एका पणजोबाच्या वंशजांपर्यंत हक्क पोचत. खून झाला तर भरपाईची रक्कम लांबच्या भाऊबंदांकडूनही गोळा होई. कोण आपला किती लांबचा, हे ठाऊक नसेल तर नुकसान ठरलेलं. म्हणून नावं ‘अमक्याचा मुलगा तमका’ अशी साखळीनं सांगत. कायम आडनावं सोळाव्या शतकाच्या आसपास रुळू लागली. त्याआधीचे सख्खे भाऊ पुढे निरनिराळ्या आडनावांची घराणी होऊन बसले.

१५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या चौकटीत आलं, वाटणीची जुनी रीत गेली आणि थोरल्याला सगळी जमीन मिळू लागली. धाकट्यांनी जायचं कुठे? समुद्रापलीकडे आयर्लंडमध्ये लढाया चालू होत्या, जप्त झालेल्या जमिनी वाटल्या जात होत्या. ब्रिनकिनाल्टच्या घरातले सर एडवर्ड ट्रेव्हर त्याच काळात अल्स्टरमध्ये स्थिरावले. अर्मच्या आर्चबिशप हेन्री अशर यांची मुलगी रोझ ही त्यांची पत्नी. ‘रोझ’ आणि ‘ट्रेव्हर’ मिळून रॉस्ट्रेव्हर गाव झालं, अशी गोड कथा सांगतात. ती खरी नव्हे. त्यातला ‘रॉस’ हा रानाला किंवा उंचवट्याला असलेला आयरिश शब्द आहे. एडवर्ड यांचा मुलगा मार्कस १६६२ मध्ये व्हायकाउंट डंगॅनन झाला. १७०६ मध्ये ती शाखा संपली.

मग ट्रेव्हर हे नाव आयर्लंडमध्ये पुन्हा आलं कसं? मुलीमुळे. ब्रिनकिनाल्टचे सर जॉन ट्रेव्हर हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती होते. लंडन शहराकडून हजार गिनी लाच घेतल्याबद्दल १६९५ मध्ये त्यांची सभागृहातून हकालपट्टी झाली, आणि आपल्याविरुद्धचा ठराव मताला टाकायची वेळ त्यांच्यावरच आली. (कुलवृत्तांतात असले पूर्वज सहसा एका ओळीत आटोपतात.) त्यांची मुलगी अ‍ॅन अल्स्टरच्या मायकल हिल यांना दिली. पुढे ब्रिनकिनाल्ट तिच्या मुलाकडे आलं, तेव्हा त्यानं आडनावाला ट्रेव्हर जोडलं. १७६६ मध्ये जुनी डंगॅनन ही पदवीही नव्यानं त्याला मिळाली. हेच आर्थर वेलस्लीचे आईकडचे आजोबा.

हा माग काढायचा तर आयर्लंडपेक्षा वेल्सचीच मदत जास्त. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये झालेल्या स्फोटात आणि आगीत आयर्लंडचं दप्तर जळालं. कैक शतकांची मृत्युपत्रं त्यात गेली. अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मात्र १८५८ पूर्वीची १,९०,००० हून अधिक वेल्श मृत्युपत्रं जपलेली आहेत, आणि त्यांच्या प्रतिमा घरबसल्या फुकट पाहता येतात. मृत्युपत्रात जावई येतो, नातू येतो, लग्न होऊन समुद्रापार गेलेली लेकही येते.

ब्रिनकिनाल्ट आजही हिल-ट्रेव्हर घराण्याकडेच आहे. बापाकडून मोजलं, तर ते हिल.