पासपोर्ट फोटोएवढी कारागिरी

धरणगावच्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटो म्हणजे दोन मिनिटांचं काम. मान सरळ, हनुवटी खाली, झालं! कॅमेरा नव्हता तेव्हा साधारण एवढाच चेहरा हस्तिदंताच्या पातळ चकतीवर कुंचल्यानं काढत. अमेरिकेत या कामात बायकांनी नाव काढलं. पण त्यांच्या हाती कुंचला आला कुठून?

चकतीची खोड : हस्तिदंत गुळगुळीत आणि तेलकट, पाण्यात कालवलेला रंग त्यावर ठरेना. म्हणून आधी घासून तेलकटपणा काढायचा, मग ठिपक्यांनी आणि केसासारख्या रेघांनी चेहरा भरायचा. तयार चित्र लॉकेटात बसायचं. कधी मागच्या बाजूला त्याच माणसाचे केस गुंफलेले!

नवऱ्याकडून : चार्ल्सटनच्या मेरी रॉबर्ट्सचा नवरा चित्रकार. १७४०च्या सुमारास तो गेला आणि संसार तिच्यावर पडला. अमेरिकी वसाहतींत लघुचित्रं काढणारी ही पहिली ज्ञात स्त्री. सही दोनच अक्षरांची : एम. आर.

बापाकडून : फिलाडेल्फियाचे जेम्स पील लघुचित्रकार. त्यांच्या लेकी अ‍ॅना आणि सारा १८२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कला अकादमीवर निवडून आल्या. आपल्याकडेही शंभरेक वर्षांनी लेकींनी असाच बापाकडून कुंचला घेतला. मुंबईत चित्रकार महादेव धुरंधरांची लेक अंबिका आणि चित्रकार आंतोनियो त्रिंदाद यांची लेक अँजेला, दोघी बापाच्या रंगपेटीशेजारी वाढल्या आणि नावाजलेल्या चित्रकार झाल्या.

मानाचं पान : न्यूयॉर्कच्या नॅशनल अकादमी ऑफ डिझाइनचं पूर्ण सभासदत्व मिळवणारी पहिली स्त्री लघुचित्रकारच : अ‍ॅन हॉल, १८३३.

कॅमेऱ्याची सवत : १८३९ मध्ये पॅरिसात डॅगेरोटाइप हा फोटोचा सुरुवातीचा प्रकार जाहीर झाला आणि गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळलं.

आणि घरच्या कुणाकडूनच नाही : कॅमेऱ्याच्या आधीचीच, मॅसॅच्युसेट्सच्या खेड्यातली सारा गुडरिज. लहानपणी कागद मिळेना, तर पोरगी भूर्जाच्या सालीवर टाचणीनं चित्रं कोरायची. पुढे बॉस्टनमध्ये गिल्बर्ट स्टुअर्टसारख्या नामांकित चित्रकारानं तिला धडे दिले. १८२८ मध्ये, इकडे धरणगावात इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रॅम भिल्ल पलटण सांभाळत होता तेव्हा, तिनं स्वतःच्या उघड्या वक्षाचं लघुचित्र काढून डॅनियल वेबस्टर या बड्या पुढाऱ्याला भेट दिलं. चेहरा मात्र काढला नाही. जेमतेम आठ सेंटिमीटर रुंदीचं ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

मेरीला आणि चित्रकारांच्या लेकींना रंगपेटी घरातच सापडली. हिची सुरुवात टाचणीपासून.