बिननळीची चिमणी

‘चिमणी’ हा शब्द आमची पिढी तीन निरनिराळ्या अर्थांनीं शिकली. लहानपणीं अंगणांत दाणे टिपणारी ती चिमणी. वीज गेली म्हणजे कोनाड्यांत रॉकेलवर मिणमिणणारी तीहि चिमणी. आणि आतां लेकी-सुनांच्या तोंडीं असलेली, ओट्यावर भिंतीला टांगलेली, विजेवर चालणारी तीहि चिमणीच. पहिल्या दोघी आमच्या पेठेंतून बहुतेक नाहींशा झाल्या. तिसरी मात्र घरोघर शिरत आहे. या तिसरीचींहि दोन कुळें आहेत. एक, ओढलेला धूर नळीवाटे घराबाहेर नेऊन सोडणारें. दुसरें बिननळीचें, म्हणजे ओढलेली हवा गाळून पुन्हां त्याच खोलींत सोडणारें. दुकानदार त्याला ‘डक्टलेस’ म्हणतात. शहरांतील सदनिकांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांस परिस्थितीमुळें हें दुसरें कूळच पत्करावें लागतें. आम्हांसहि लागलें. त्या प्रकरणांत आम्ही चांगलेच फसलों, आणि त्या फसण्याचा संबंध पैशापेक्षां घरांतील माणसाच्या श्वासाशीं अधिक होता, म्हणून चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचें जुनें बिऱ्हाड सदाशिव पेठेंतील एका वाड्यांत होतें. स्वयंपाकघर अंधारें, चूल, तिला लागून वैल, आणि वर कौलांत उघडें धुराडें. त्या धुराड्यानें सगळा धूर जात असे असें मुळींच नाहीं. वासे काळेकुट्ट झाले होते, आणि फुंकणी फुंकून मातुश्रींचे डोळे सदा लाल असत. तथापि धुराड्याचें तत्त्व निर्दोष होतें. तापलेली हवा वर चढते. तिला वाट करून दिली कीं ती आपल्याबरोबर धूरहि घेऊन जाते. पुढें स्टोव्ह आला, त्यामागून गॅस आला, आणि धूर दिसेनासा झाला तशी वाट ठेवण्याची गरजहि कोणास वाटेनाशी झाली.

संस्कृत शिकतांना आम्हांला धुरावरून अग्नीचें अनुमान शिकविलें गेलें. त्यांत दृष्टांत म्हणून महानस येतें. महानस म्हणजे स्वयंपाकघर. अग्नि आहे पण धूर नाहीं, याचें उदाहरण शास्त्रकार तापलेल्या लोखंडी गोळ्याचें देतात. आजच्या विद्यार्थ्यास तो गोळा कोठें दाखवावा? गॅसची शेगडी दाखवावी, काम भागतें. परंतु धूर दिसला नाहीं म्हणजे हवा शुद्ध राहिली असें अनुमान जर त्यानें काढलें, तर मात्र त्याचे गुण कापावे लागतील. गॅसच्या निळ्या ज्योतींतून पाण्याची वाफ व कर्बद्विप्राणिद वायु तर निघतोच, पण नायट्रोजन डायऑक्साइड नांवाचा श्वासनलिकेस त्रासदायक असा वायूहि निघतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं या वायूची वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटर हवेस ४० मायक्रोग्रॅम धरिली होती. २०२१ सालीं ती १० वर आणिली. ज्योत पिवळी पडूं लागली तर कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायूहि तयार होतो. आणि फोडणी-तळणांतून तेलाचे जे अतिसूक्ष्म कण उडतात ते निराळेच.

आतां आमची हकीकत. वाडा पडला, त्या जागीं इमारत झाली, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेलों. ओटा आंतल्या भिंतीस लागून आहे. बाहेरची भिंत समोरच्या बाजूस, ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतात तिच्या पलीकडे. चिमणीची नळी न्यावयाची तर सुमारें अठरा फूट न्यावी लागणार, तीन ठिकाणीं वळवावी लागणार, आणि वाटेंत सिमेंट-लोखंडाची तुळई आडवी. तुळईस भोक पाडूं देणारा मिस्त्री भेटला तरी त्याचें ऐकूं नये. शिवाय नळी जितकी लांब व जितकी वांकडी, तितकी तिची ओढ कमी. आमच्या इमारतींत कांहीं बिऱ्हाडांनीं ती नळी न्हाणीघरांच्या नळांसाठीं ठेवलेल्या उभ्या पोकळींत सोडून दिली आहे. त्या पोकळीसहि ‘डक्ट’च म्हणतात, त्यामुळें काम शास्त्रशुद्ध झाल्यासारखें वाटतें, वरच्या मजल्यावरील मंडळींना मात्र स्नानाच्या वेळीं माशाच्या कालवणाचा वास येतो.

आमच्या सौभाग्यवतीस दमा आहे. मिरचीची फोडणी पडली कीं तिला पदर तोंडाशीं धरून बाहेरच्या खोलींत यावें लागे. म्हणून २०२३ च्या पावसाळ्यांत चिरंजीवांनीं चिमणी घेण्याचें ठरविलें. दुकानांतील तरुण गृहस्थ मोठे वाक्पटु होते. ‘फिल्टरलेस आहे, ऑटो क्लीन आहे, नळी नसली तरी चालते,’ असें त्यांनीं सांगितलें. ‘लेस’ हा प्रत्यय लागला कीं कटकट गेली, अशी आमचीहि समजूत झाली. वस्तुस्थिति अशी आहे कीं, बिनफिल्टरच्या चिमणींत पंख्याच्या गरगर फिरण्यानें तेलाचे कण कडेला फेकले जातात व खालच्या वाटींत उतरतात. बाकीचें सगळें नळीनें घराबाहेर जावें अशीच तिची रचना असते. नळीहि नाहीं व फिल्टरहि नाहीं अशी चिमणी म्हणजे उंचावर टांगलेला एक पंखा. तो पंखा आम्ही टांगला, आणि त्याचें तोंड वरच्या कपाटांच्या माथ्यावर उघडें सोडलें.

दीड महिना घरांत आनंदीआनंद होता. ओट्यापाशीं उभें राहिलें असतां डोळे चुरचुरत नसत, हें खरेंच होतें. यंत्रावर आमचा इतका विश्वास बसला कीं, पारवे आंत शिरतात म्हणून बाल्कनीचें दार सूनबाई बंद ठेवूं लागली, आणि कोणीच तिला हटकलें नाहीं. इकडे सौभाग्यवतीचा रात्रीचा खोकला वाढला. आम्ही तो पावसाळ्याच्या माथीं मारला. डॉक्टरांनीं औषध वाढविलें, आणि उठतां उठतां विचारलें, ‘स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते ना?’ त्या प्रश्नाचें महत्त्व तेव्हां कळलें नाहीं.

तें दसऱ्याच्या साफसफाईस कळलें. शिडीवर चढून पाहतों तों कपाटांच्या माथ्यावर, छतावर, लोणच्याच्या बरण्यांवर पिवळसर चिकट थर. बोट टेकवलें तर उमटे. मातुश्रींचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे. त्यांनीं खालूनच निकाल दिला: ‘अरे, ही चिमणी धूर खात नाहीं, नुसता माळ्यावर नेऊन ठेवते.’ मीं खात्री करून घेतली. सूनबाईनें कांदा परतावयास घेतला तेव्हां चिमणीच्या वरच्या तोंडापाशीं पांढरा रुमाल धरला. वास तर आलाच, पण रुमालावर तेलाचे बारीक ठिपके उमटले. म्हणजे तो सर्व माल छतास आपटून खोलीभर पसरत होता, दार बंद होतें, आणि तोच आम्ही दिवसरात्र छातींत भरून घेत होतों.

पुढें चिमणी बदलली. दुसरी घेतांना मीं स्वतः बसून माहितीपुस्तिका वाचली. खऱ्या बिननळीच्या चिमणींत दोन चाळणी असतात. पहिली तेलाची. ती तारेची जाळी असते किंवा वळणदार पोलादी पट्ट्यांची, जिला ‘बॅफल’ म्हणतात. त्या पट्ट्यांतून हवा चटकन् वळून जाते, तेलाचा थेंब जड असल्यानें त्याला तें वळण साधत नाहीं, तो पट्टीस चिकटतो. दुसरी चाळणी खास प्रक्रिया केलेल्या कोळशाची. तिच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर वासाचे अणु चिकटून बसतात. जागा भरली कीं कोळशाचें काम संपलें. वाफ, उष्णता, कार्बन मोनॉक्साइड हीं मात्र या दोन्ही चाळण्यांतून बिनदिक्कत परत येतात. नायट्रोजनच्या वायूबद्दलहि या कोळशावर भिस्त ठेवतां येत नाहीं. थोडक्यांत, ही चिमणी हवा गाळते, हवा बदलत नाहीं. प्रत्यय पाहावयाचा असल्यास खिडक्या लावून भाताचें उघडें पातेलें उकळत ठेवावें व चिमणी पुऱ्या वेगानें चालवावी. थंडीच्या दिवसांत खिडकीच्या कांचेवर दव धरल्याशिवाय राहात नाहीं.

तेव्हां ज्यांच्या ओट्यामागें बाहेरची भिंत आहे त्यांनीं या फंदांत न पडतां सरळ नळीचीच चिमणी घ्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे. ज्यांना गत्यंतर नाहीं त्यांनीं दुकानांत पहिला प्रश्न कोळशाच्या फिल्टरचा विचारावा. तो बरोबर येतो काय, पुढें सुटा मिळतो काय, आणि गाळलेली हवा कोणत्या फटींतून बाहेर पडते? या तिन्हींचीं उत्तरें नीट मिळालीं नाहींत तर उठून यावें. कांहीं चिमण्या दोन्ही तऱ्हांनीं बसवितां येतात. त्याहि चालतील, मात्र कोळसा निराळा विकत घ्यावा लागतो. रुंदी शेगडीहून कमी नसावी. ओढीचे आंकडे खोक्यावर मोठमोठे छापलेले असतात. आमचें स्वयंपाकघर दहा फूट लांब, आठ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. म्हणजे ७६० घनफूट, सुमारें साडेएकवीस घनमीटर. तासांत दहा वेळां तितकी हवा ओढली जावी या हिशेबानें २१५ घनमीटर पुरे. खोक्यावर हजारावर आंकडा होता! तो अगदींच निरर्थक नव्हे, कारण कोळशांतून जातांना हवेची गति पुष्कळच मंदावते. पण पुऱ्या वेगानें लावली म्हणजे ती इतकी घोंगावते कीं, कुकरच्या शिट्ट्या ऐकूं येत नाहींत. आमच्याकडे शिट्ट्या मोजण्याचें काम मातुश्रींकडे असल्यामुळें ही गोष्ट लवकरच लक्षांत आली. आतां ती मधल्या वेगावर चालते.

बसवितांना उंचीकडे पाहावें. पुस्तिकेंत दिलेल्या किमान अंतराच्या खालीं जाऊं नये. गॅसच्या शेगडीवर तें बहुधा दोन ते अडीच फूट असतें. तें शेगडीच्या माथ्यापासून मोजावयाचें, ओट्यापासून नव्हे. आमच्या फिटरनें ओट्यापासून फूटपट्टी लावली होती. शेगडी ओट्यावर उभी असल्यानें पांच इंचांची चूक झाली असती. शेवटीं सव्वीस इंच ठरले, तेहि सूनबाईचें कपाळ आपटत नाहीं हें पाहून. वरच्या फटी कपाटानें वा शोभेच्या छतानें झांकूं नयेत. अर्थिंग असलेलें स्वतंत्र प्लग असावें, लोंबती वायर नको.

मुख्य उपाय मात्र चिमणीचा नव्हेच. बाल्कनीचें दार स्वयंपाकाच्या वेळीं उघडें ठेवतों. पारव्यांसाठीं जाळी लावून घेतली. बाल्कनीच्या वरच्या कांचेच्या जागीं एक लहान एक्झॉस्ट पंखा बसविला, आणि समोरच्या खोलीची खिडकी वीतभर उघडी ठेवतों, म्हणजे हवेस येण्याची व जाण्याची दोन्ही वाट राहाते. फोडणी देण्यापूर्वीं दोन-चार मिनिटें चिमणी सुरू करतों व शेगडी बंद झाल्यावर दहाएक मिनिटें चालूं देतों. तळण मागच्या बर्नरवर. तेथील वाफ चिमणीखालून सहसा निसटत नाहीं. गॅसचा वास आला तर मात्र चिमणीच्या बटणास हात लावावयाचा नाहीं, असें घरांत सर्वांस बजावलें आहे. बटणाच्या ठिणगीनें भडका उडूं शकतो. आणि सिलिंडरचा गॅस हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरतो, वर टांगलेल्या यंत्रास तो सांपडावयाचाहि नाहीं. दारें-खिडक्या उघडाव्या व सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा.

राहिली स्वच्छता. बायकांच्या सोयीसाठीं आणलेलें यंत्र घासण्याचें कामहि बायकांच्याच अंगावर पडावें, हें मला प्रशस्त वाटलें नाहीं. सेवानिवृत्त माणसास वेळ असतो. दर पंधरवड्यास पोलादी पट्ट्या काढून कढत पाण्यांत साबण घालून मी धुतों. (ॲल्युमिनियमची जाळी असल्यास धुण्याचा सोडा वापरूं नये, ती काळी पडते.) उत्साहाच्या भरांत पहिल्या खेपेस मीं कोळशाचा फिल्टरहि बादलींत बुडविला, आणि तो कामांतून गेला. धुऊन चालणारे फिल्टर निराळे असतात, आमचा तसा नव्हता. त्या दिवशीं सूनबाई नुसती हंसली; ‘बाबा, राहूं द्या, दुसरा मागवूं,’ म्हणाली. नवा कोळसाहि काळा व संपलेलाहि काळा, त्यामुळें डोळ्यांनीं निवाडा होत नाहीं. पुस्तिकेप्रमाणें तीन ते सहा महिन्यांनीं तो बदलावयाचा. आमच्याकडे खाणारीं तोंडें आठ, म्हणून मी तीन महिन्यांचाच हिशेब धरतों. बाहेरच्या खोलींत बसून हिंगाचा वास येऊं लागला कीं मुदत भरण्यापूर्वींहि बदलतों.

सौभाग्यवतीचा दमा गेला असें मी म्हणणार नाहीं. औषधाचा पंप अजून उशाशीं असतो. परंतु गेल्या हिवाळ्यांत रात्रीं उठून बसण्याची वेळ पूर्वीपेक्षां पुष्कळ कमी आली, आणि आमटीची फोडणी ती आतां स्वतः देते. फिल्टर बदलल्याच्या तारखा मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवतों. पुढची बदली आश्विनांत येते. चकल्या-कडबोळ्यांचें तळण सुरू होण्याच्या आधीं ती उरकावी, अशी ओट्यावरून आज्ञा झालेली असल्यानें नवे दोन फिल्टर मीं आणून कपाटांत ठेवले आहेत.