साडेसात फुटांचं रिंगण

ब्रायटनच्या आमच्या घरामागे लाकडी फळ्यांचं कुंपण आहे. ऑगस्टमधल्या एका दुपारी कपडे वाळत घालत होते आणि पलीकडून दवण्याचा वास आला. अगदी दवण्याचा नव्हे, त्याच्या एखाद्या रांगड्या चुलतभावाचा. पण मी कोल्हापूरची. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरून आलेला दवणा देवघरात सुकून खडखडीत होईपर्यंत पडून असायचा, त्या वासात वाढलेली. हातातला टॉवेल हातातच राहिला. फळीवरून डोकावले तर शेजारच्या बाई दोरीला पाल्याच्या जुड्या बांधत होत्या. पानं वरून हिरवी, खालून पांढुरकी, लव असलेली.

"मगवर्ट," त्या म्हणाल्या.

नंतर शोधलं तर मगवर्ट आणि दवणा दोन्ही आर्टेमिसियाच निघाले, म्हणजे नाकानं नातं बरोबर ओळखलं होतं. चहात घालता का, असं मी विचारलं.

"धुपात. मी विच आहे." आपण शाकाहारी आहोत हे सांगावं, तितक्या सहज सांगितलं.

बाई साठी ओलांडलेल्या. शिवणकाम करतात, लोकांचे पडदे, पँटच्या घड्या, लग्नाचे झगे आत-बाहेर करून देणं. त्यांना मराठीत काय म्हणायचं हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि अजून सुटलेला नाही. चेटकीण म्हटलं की गोष्टीतली, बाकदार नाकाची. डाकीण म्हटलं की आतल्या पानावरची चार ओळींची बातमी: सातपुड्यातल्या कुठल्याशा पाड्यावर कुणाचं मूल तापानं दगावतं आणि एकट्या राहणाऱ्या म्हातारीला डाकीण ठरवून मारहाण होते. तिथे हा शब्द बाईवर फेकला जातो. इथे माझ्या शेजारणीनं तो स्वतः आणून, मापाचा करून अंगावर घातला होता. हे मला खटकलं. आणि वास सोडवेना. त्यांनी ऑक्टोबरच्या ३१ तारखेला साविन या सणाला बोलावलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

त्यांचा धर्म विक्का, म्हणजे वयानं साधारण माझ्या आईएवढा. जेराल्ड गार्डनर हा त्याचा कर्ता. मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून इंग्लंडला परतलेला, तिकडच्या क्रिस खंजिरांवर १९३६ मध्ये पुस्तक लिहिणारा माणूस. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागात एका जुन्या गुप्त मंडळीनं आपल्याला दीक्षा दिली, असं तो सांगे. १९५१ मध्ये ब्रिटननं १७३५ चा विचक्राफ्ट कायदा रद्द केला आणि १९५४ मध्ये गार्डनरनं 'विचक्राफ्ट टुडे' छापलं. त्या रद्द झालेल्या कायद्याची गंमत अशी, की तो चेटकिणींना शिक्षा देणारा नव्हताच. चेटूक असं काही नसतंच हे धरून, तसा दावा करणाऱ्याला तो वर्षभर तुरुंगात टाकी. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आपल्याकडे आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याची जातकुळी बरीचशी तीच. आणि त्याच २०१३ मध्ये इथे ब्रायटनला डोरीन व्हॅलियंट राहत त्या इमारतीवर निळी स्मृतिपाटी लागली. व्हॅलियंट म्हणजे गार्डनरनं १९५३ मध्ये दीक्षा दिलेली शिष्या. त्याच्या 'प्राचीन' पोथीत गूढविद्येवर लिहिणाऱ्या अलिस्टर क्राउलीचे तुकडेच्या तुकडे आहेत हे तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं. त्यावर, जमत असेल तर तू बरं लिहून दाखव, असं तो म्हणाला म्हणे. तिनं लिहून दाखवलं. आज विक्कात जे कानाला गोड लागतं त्यातलं पुष्कळसं तिचं.

पुरातन परंपरेचा दावा आता इतिहासकार मानत नाहीत. रोनल्ड हटन यांनी १९९९ च्या पुस्तकात त्यातला एकेक धागा कुठून आला ते उकलून दाखवलंय. हे मी बाईंना जरा चाचरतच सांगितलं, तर त्यांनी शिलाई मशीनमागच्या फळीवरून तेच पुस्तक काढलं. पानोपानी खुणा घातलेल्या.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून काय मेणबत्ती पेटायची थांबते?"

३१ तारखेला दुपारी चारलाच गेले, कारण मला तयारी बघायची होती. आधी सोफा भिंतीला. मग गालिचावर मापाची टेप. गार्डनरच्या रीतीनं विधीचं रिंगण नऊ फूट व्यासाचं हवं, पण बाईंच्या बैठकीच्या खोलीत एका अंगाला रेडिएटर आणि दुसऱ्या अंगाला टीव्हीचं कपाट. साडेसात फूट भरलं. मधोमध एकीनं दोरीचं टोक धरायचं, दुसरीनं दुसऱ्या टोकाला खडू धरून फिरायचं. बाई फिरल्या, मी मध्ये उकिडवी. खडू म्हणजे शिंपी कापडावर वापरतात तो, चपटा निळा. सकाळी ब्रश मारला की जातो. उत्तर दिशा फोनवरच्या होकायंत्रानं काढली. रेडिएटरजवळ नेलं की सुई भरकटे, म्हणून शेवटी खिडकीतून समुद्र कुठे आहे ते बघून ठरवलं. ब्रायटनला समुद्र दक्षिणेला, त्यामुळे उत्तरेची चिंता नसते.

मग स्टुलावर चढून छतावरच्या धुराच्या अलार्मला अंघोळीची प्लॅस्टिक टोपी घातली. रात्री झोपण्यापूर्वी ती काढायची, याची चिठ्ठी आधीच फ्रिजवर लावलेली होती.

देव्हाऱ्याचं टेबल उत्तरेला. त्यावर एका वाटीत पाणी, एका वाटीत मीठ, प्याला, धुपाटणं, पंचकोनी चांदणी कोरलेली तबकडी, दोन मेणबत्त्या: एक देवीची, एक शिंगं असलेल्या देवाची. आणि काळ्या मुठीची दुधारी सुरी. तिला अथामे म्हणतात. या सुरीनं रिंगण आखतात, पण कापत काहीच नाहीत. दोरा, पाला, काही कापायचं असेल तर पांढऱ्या मुठीची निराळी. मी हसले असणार, कारण बाईंनी मशीनवरची मोठी कात्री उचलून माझ्यापुढे धरली.

"हिनं कागद कापू देशील कुणाला?"

माझी आई शिवायची. तिच्या कात्रीनं एकदा मी पतंगाचा कागद कापला होता. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पाठीवरची एक जुनी आठवण होती.

सातच्या सुमारास माणसं आली. एक नर्स, एक ग्रंथालयातले गृहस्थ, बाईंची धाकटी बहीण, एक कॉलेजातला मुलगा, आणखी तिघं. दारात बूट काढले, सुपरमार्केटच्या पिशव्यांतून सफरचंदं आणि केक काढले. झगे बाईंनीच शिवलेले, गर्द हिरवे, निखळ सुती. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, म्हणून नाही. आणि बाह्या मनगटाशी घट्ट, ज्योतीवरून हात नेताना लोंबू नयेत म्हणून. मंडळीच्या आतल्या बैठकी स्कायक्लॅड होतात. आकाश हेच वस्त्र. आपला दिगंबर शब्द त्यांच्याकडे असाच भाषांतरित होऊन नांदतोय. त्या बैठकींना, आणि ज्या वहीत प्रत्येकानं विधी हातानं उतरवून घ्यायचे त्या वहीला, मला प्रवेश नव्हता. दीक्षेच्या वेळी उमेदवाराचं डोक्यापासून पायापर्यंत दोऱ्यानं माप घेतात, एवढं छापून आलेलंच आहे. ते मात्र बाईंनी मान्य केलं. "मापं घेणं हा माझा धंदाच."

तो कॉलेजातला मुलगा बूट काढतानाच मला म्हणाला, "नव्वद लाख बायका जाळल्या आमच्या." सोफा आणखी थोडा सरकवताना पुन्हा म्हणाला, "नव्वद लाख." त्यातल्या 'आमच्या'नं मी जास्त अस्वस्थ झाले. हा आकडा ग. क्र. फोइग्ट नावाच्या एका जर्मन गृहस्थाचा, १७८४ चा. त्यानं आपल्या गावच्या मूठभर नोंदी घेतल्या, शतकाला ८,५८,४५४ असा दर काढला आणि त्याला अकरा शतकांनी गुणलं. उत्तर आलं ९४,४२,९९४. शेवटचे चार सुद्धा गाळले नाहीत त्यानं. आज अभ्यासक सबंध युरोपात मिळून चाळीस-पन्नास हजार म्हणतात. इंग्लंडात पाचशेच्या आसपास, आणि इंग्लंडात चेटकासाठी फाशी होती, चिता नव्हती. चाळीस हजार माणसं मारणं पुरेसं भयंकर नाही का? मुलाशी वाद घालायला मी पाहुणी होते. घातला नाही.

विधी स्वतः पाऊण तासात झाला. मीठ पाण्यात, पाणी रिंगणावरून, धूप रिंगणावरून, मग सुरी पुढे धरून बाई सूर्याच्या दिशेनं, म्हणजे आपण देवळात फिरतो तशाच, एक फेरी चालल्या. चार दिशांना चार तत्त्वांचं आवाहन: पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला माती. अधूनमधून शेजारून टीव्हीवरचं फुटबॉल ऐकू येई. मी आत उभी होते आणि मला काही वेगळं वाटलं का, तर पाय दुखले.

हे लोक मानतात ते काय, हे एका वाक्यात सांगणं अवघड, कारण धर्मपीठ नाही आणि सगळ्यांना बांधणारी पोथीही नाही. निसर्गातच दैवत, वर्षाचे आठ सण, पौर्णिमेच्या बैठकी, पुष्कळांचा पुनर्जन्मावर विश्वास, कुणाला इजा होत नसेल तर मनाजोगतं वागायची मुभा, आणि आपण जे करू ते तिपटीनं परत येतं. हा तिपटीचा हिशेब मला पटत नाही. व्याजदर कुणी ठरवला, हे एकालाही सांगता आलं नाही. नर्सबाई म्हणाल्या, माझ्या वॉर्डात तर काहीच परत येत नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० लोकांनी विक्का असं लिहिलं, आणखी सुमारे ७४,००० जणांनी नुसतं पेगन. चाळीवजा घरांत सोफे सरकवणारे एवढे लोक असतील असं मला वाटलं नव्हतं.

साविन हा सुगी संपल्याचा, आणि गेलेल्यांचा सण. निखाऱ्यावर चिमूटभर मगवर्ट पडला आणि मी पुन्हा कोल्हापूरच्या देवघरापाशी. एकेकानं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. नर्सनं एका पेशंटचं घेतलं, नुसतं पहिलं नाव. ग्रंथालयवाल्यांनी कुत्र्याचं, कुणी हसलं नाही. मुलगा म्हणाला, "त्या नव्वद लाखांसाठी." बाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "टेम्परन्स लॉइड. सुझाना एडवर्ड्स. मेरी ट्रेम्बल्स." एकेका नावानंतर थांबून. बिडफर्डच्या या तिघी, गरीब, भीक मागून जगणाऱ्या. १६८२ मध्ये एक्सेटरला फाशी गेल्या. त्या विक्कावाल्या नव्हत्या. कुठल्याच अर्थानं या झग्यांच्या पूर्वज नव्हत्या, हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. तरी दर वर्षी घेतात.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडलं, थांबले, आणि आजीचं नाव घेतलं.

केक वाटला, वाइन फिरली, उलट्या क्रमानं दिशांना निरोप दिला. दहाला सगळे बूट घालत होते. कुणीतरी विचारलं, टोपी काढली का? काढली नव्हती.

सकाळी खुर्च्या परत न्यायला गेले, तर बाई गालिचावर गुडघे टेकून होत्या. मेणाचा डाग पडला होता, त्यावर तपकिरी कागद आणि कागदावर कोमट इस्त्री. मेण वितळून कागदात चढतं. डाग कागदावर उमटतो आणि गालिचा मोकळा होतो. खोलीत अजून तो वास होता.

"काल तुझ्या मनात आधी दुसरं नाव आलं होतं," त्या वर न बघता म्हणाल्या.

"नाव नव्हतंच. बातमीत 'एका वृद्धेला' एवढंच होतं."

इस्त्री दोनदा इकडून तिकडे फिरली.

"गावाचं होतं?"

"होतं."

"मग पुढच्या वर्षी ते घे. आणि तो दुसरा कागद दे इकडे, हा भरला."