डाळिंब तोडल्यावर पिकत नाही



मृग बहराची फळं रंगावर आली आहेत. "आत्ताच द्या, पुढं दर पडतील" असं म्हणत व्यापारी बांधावर यायला लागले असतील. सौदा करण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आंबा, केळी, चिकू तोडल्यावरही पिकतात, डाळिंबाचं तसं नाही. झाडावरून तुटलं की गोडी तिथंच थांबते. कच्चा माल शीतगृहात ठेवला तरी आंबटच राहणार.

*तोडणी कधी?* नुसत्या सालीच्या रंगावर जाऊ नका. भगव्याला फुलापासून साधारण १८० ते १९० दिवस लागतात. तयार फळाच्या बाजू जरा चपट्या होतात, मुकुटाच्या पाकळ्या आत वळतात आणि टिचकी मारली की टणक आवाज येतो. शंका आली तर बागेच्या चारही बाजूंची फळं फोडून दाणे चाखा. सगळी फळं एकदम तयार होत नाहीत, म्हणून दोन-तीन तोडे करा. तोडणी जवळ आली की पाणी एकसारखं ठेवा. ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडलं तर फळं तडकतात.

*तोडताना* फळ पिरगाळून ओढू नका. कात्रीने देठ फळालगत कापा, लांब देठ शेजारच्या फळाला टोचतो. दव वाळल्यावरच तोडणी सुरू करा. क्रेटला आतून कागद लावा, फळं हळूच ठेवा आणि क्रेट लगेच सावलीत न्या. तडकलेली, तेल्याचे डाग असलेली, अळीने पोखरलेली फळं तिथंच वेगळी काढा. एक सडकं फळ अख्खा क्रेट नासवतं.

*साठवताना* लक्षात ठेवा, साल जाड असली तरी तिच्यातून पाणी उडतं. साल सुकते, वजन घटतं. घरी ठेवायचं तर थंड, हवेशीर खोलीत ठेवा आणि आठवडाभरात विका. शीतगृहात ५ ते ७ अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता असेल, तर निवडक माल दोन महिन्यांपर्यंत टिकतो. जास्त गार म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. ५ अंशांच्या खाली बरेच दिवस राहिलं तर साल तपकिरी पडते, दाण्याचा रंग उतरतो.

*आता हिशोब.* समजा आज १,००० किलो माल १०० रुपयांनी जातोय. साठवणीत वजनघट आणि खराबी धरून १०० किलो गेले, तर उरलेल्या ९०० किलोचे तेवढेच एक लाख व्हायला १११ रुपयांच्या वर दर हवा. शीतगृहाचं भाडं, हमाली, वाहतूक त्यावर वेगळी. दर वाढेल या नुसत्या आशेवर माल अडवू नका, आधी आकडा मांडा.

आणि फळ अजून तयार नसेल तर व्यापाऱ्याला सरळ सांगा, "आठ दिवसांनी या." काही अडलं तर अख्ख्या आणि फोडलेल्या फळाचा फोटो याच नंबरवर पाठवा.

– आपला कृषी सल्लागार