मुंबई ते लंडन : अंतर एक, अवधी दोन

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढता येत नाही, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरवताना आकार किंवा अंतरे कुठेतरी ताणली जातातच. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल तिच्या पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदते त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि दोन स्थळांना जोडणारा त्याचा लहान कंस हाच त्यांच्यामधील सर्वांत जवळचा मार्ग असतो. मुंबई आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमध्ये हा कंस सुमारे ७,२०० किलोमीटर भरतो. वैमानिक तोच सुमारे ३,८९० सागरी मैल असा मोजतात, कारण १,८५२ मीटरचा सागरी मैल हा अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरल्यास उत्तर आठ तास येते, पण हवा स्थिर नसते. मध्य अक्षांशांवर, विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, म्हणजेच जेट प्रवाह, लंडनला जाताना विमानाला अडवतात आणि परतताना पुढे ढकलतात, म्हणून जाण्यास सहसा अधिक वेळ लागतो. त्यात बंद हवाई हद्दींचा वळसा पडला, तर कंस कागदावरच राहतो. शिवाय वेळापत्रकातील अवधी उड्डाणापुरता नसून, विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. तिकिटावरील वेळा मात्र स्थानिक असतात. त्यांच्या वजाबाकीत हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक धरावा लागतो.