चुडाव्याला दोन झोत भेटले तर

पूर्णा ते नांदेड हा रेल्वेमार्ग साधारण 30 किलोमीटरचा. चुडावा त्यावरचंच स्टेशन. हा रूळ वाकवून गोल केला, की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या 27 किलोमीटरच्या भुयाराचा अंदाज येतो. तिथे प्रोटॉनचे दोन झोत समोरासमोर आदळवतात. या यंत्राला कोलायडर, म्हणजे कणांची टक्कर घडवणारं यंत्र म्हणतात. हिग्ज नावाचा मूलकण 2012 मध्ये इथेच सापडला. आता याच्या पुढचं यंत्र कसं असावं, यावर खल चालला आहे.

आधी कण पळवायचे. इथे आपली हमखास गल्लत होते, वेगच वाढत जातो असं वाटतं. वेग प्रकाशाच्या जवळ कधीच पोचलेला असतो. पुढे वाढते ती ऊर्जा. प्रोटॉन सेकंदाला सुमारे 11,000 फेऱ्या मारतो.

मग वळवायचे. त्यासाठी अतिसंवाहक, म्हणजे विजेला अडथळाच न करणाऱ्या तारांचे चुंबक लागतात, तेही उणे 271 अंश सेल्सिअसवर. 2008 मध्ये यंत्र सुरू झालं आणि नऊ दिवसांनी दोन चुंबकांमधला एक जोड जळाला. काम वर्षभराहून जास्त थांबलं. कच्चा जोड काय करतो, हे विहिरीवर मोटार असलेल्याला वेगळं सांगायला नको.

प्रोटॉन म्हणजे क्वार्क नावाच्या कणांची मोट. फुटली की पसारा फार. नेमकं मोजायचं तर इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन बरे. पण हलका इलेक्ट्रॉन वळणावर किरणांच्या रूपात ऊर्जा सांडतो. ऊर्जा दुप्पट केली, की सांडणं 16 पट! म्हणून एकतर वळण मोठं करायचं. सर्नचा प्रस्तावित बोगदा त्यासाठीच सुमारे 91 किलोमीटरचा आहे. नाहीतर वळणच नको. एक झोत पूर्णेहून, दुसरा नांदेडहून, गाठ चुडाव्याला. (चुडावा मध्यावर नाही, पण समजायला चालेल.) यात टकरीची संधी एकदाच, हुकलेले कण परत येत नाहीत. म्हणून झोत अतोनात आवळावे लागतात.

नेमकं इथे पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांनी बोट ठेवलं. आवळलेले झोत भिडताना एकमेकांना वाकवतात आणि किरण सांडतात, हे माहीत होतं. त्या किरणांतले प्रकाशकण आपसांत आदळून किती कचरा करतील, याचा हिशेब त्यांनी 1991 मध्ये सहकारी मॅन्युएल ड्रीस यांच्यासह मांडला. सरळ रुळातलं वळण टकरीच्या जागीच दडलेलं होतं. किरण कमी निघावेत म्हणून झोत फितीसारखा चपटा ठेवतात.

राहिला पैसा. अमेरिकेने टेक्सासमधलं 87 किलोमीटरचं यंत्र 1993 मध्ये अर्धवट खणून सोडून दिलं. सर्नच्या नव्या बोगद्याचा आणि त्यातल्या पहिल्या यंत्राचा अंदाज सुमारे 15 अब्ज स्विस फ्रँक आहे. भारत 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, तेव्हा तिथे आपलीही वर्गणी जाते.